तो खेळायला जातो, मग ते अंगावर का येतात?

तुमच्या घरातला कुत्रा आता सात-आठ महिन्यांचा झालाय. स्वभाव अगदी लोण्यासारखा. दूधवाला, शेजारच्या आजी, शाळेतून येणारी पोरं, कुणीही दिसलं की शेपटी पंख्यासारखी फिरते. रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला तर हा आनंदाने त्याच्याकडे धाव घेतो. समोरून मात्र येते गुरगुर, बाहेर काढलेले दात, कधी थेट झडप. तुमचा बिचारा केकाटत तुमच्या पायात शिरतो आणि तुम्हाला प्रश्न पडतो, याने असं केलं तरी काय?

त्याने काहीतरी केलेलं असतं. फक्त ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण ते माणसाच्या रीतीने बघतो.

हे नीट बघायचं तर मोठ्या शहरातल्या सोसायटीपेक्षा लहान गाव बरं. तंजावूरहून पट्टुकोट्टाईकडे जाताना ओरत्तनाडु लागतं. मराठी वाचकाला हे गाव तसं परकं नाही. तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी इथे मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधलं. याच राजांच्या नावाशी जोडलेल्या तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात घोड्यांवरच्या आणि हत्तींवरच्या सचित्र पोथ्या आहेत. २०१२ पासून ओरत्तनाडुत पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. घोड्या-हत्तींना पोथ्या मिळाल्या, पण गल्लीतल्या कुत्र्याची भाषा आपल्याला आपल्या डोळ्यांनीच शिकावी लागते.

अशा गावात बसस्टँडची कुत्री वेगळी, बाजाराची वेगळी, देवळाच्या गल्लीतली वेगळी आणि भातशेताच्या कडेच्या वस्तीची आणखी वेगळी. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो असं आपण म्हणतो. ती नुसती म्हण नाही, तो कुत्र्यांचा नकाशा आहे. कुठल्या चहाच्या टपरीपासून कुठल्या खांबापर्यंत कोणाची हद्द, हे त्यांना वासावरून पक्कं ठाऊक असतं. तुम्ही पट्टा धरून दहा मिनिटं फिरता, तेवढ्यात तुमचा कुत्रा दोन-तीन हद्दी ओलांडतो. तुमच्यासाठी तो फेरफटका असतो. त्यांच्यासाठी एक अनोळखी जवान कुत्रा रोज सकाळी न विचारता अंगणातून जात असतो, वर त्यांच्या खांबावर लघवी करून जातो.

पिल्लूपणाची सवलत संपते तेव्हा

दोन-तीन महिन्यांचं पिल्लू मोठ्या कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावतं, कान ओढतं, शेपटीला लोंबकळतं, आणि मोठा कुत्रा बहुतेक वेळा ते सोसतो. पिल्लाच्या वासावरून आणि हालचालीवरून त्याला कळतं की हे लेकरू आहे. ही सवलत कायमची नसते. पाच-सहा महिन्यांच्या पुढे शरीर वयात येऊ लागतं, वास बदलतो, उंची वाढते. तुमच्या डोळ्यांना तो अजून बाळच दिसतो. समोरच्या कुत्र्याला दिसतो तो वयात आलेला, रीतभात न शिकलेला पोरगा. काल ज्याच्यावर दुर्लक्ष होत होतं, त्याच वागण्यावर आज दटावणी मिळते. ‘अचानक सगळे कुत्रे याच्यावर चिडायला लागले’ असं अनेक घरांत वाटतं ते नेमकं याच वयात.

कुत्र्यांच्या जगात सभ्य भेट कशी होते ते एकदा थांबून बघा. दोन समजूतदार कुत्रे सरळ रेषेत समोरासमोर येत नाहीत. थोडं वळसा घेऊन, मान वळवून, नजर चुकवत जवळ येतात. बाजूने येऊन आधी मागचा भाग हुंगतात. मध्येच एखादा जमीन हुंगायला लागतो, जांभई देतो, नाक चाटतो. त्याला झोप आलेली नसते. ‘मला भांडायचं नाही, जरा हळू घे’ हा त्याचा अर्थ. तुमचा लाडका यातलं काही करत नाही. तो नाकासमोर, डोळ्यांत डोळे घालून, पूर्ण वेगाने येतो आणि थेट खांद्यावर पाय टाकतो. लग्नात एखाद्या अनोळखी माणसाने धावत येऊन तुम्हाला मिठी मारावी, तसा हा प्रकार. मन साफ असलं तरी समोरचा दचकणारच.

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखीपाळखीचा. आई आणि भावंडांत राहून ते याच दिवसांत शिकतं की चावा किती जोरात घ्यायचा आणि समोरचा नको म्हणाला की थांबायचं. महिन्याभराचं पिल्लू आणून फ्लॅटमध्ये एकटं वाढवलं, तर माणसांशी त्याची गट्टी जमते, पण कुत्र्यांच्या बोलीत ते अडाणी राहतं. आठ आठवड्यांआधी पिल्लू घरी आणू नये, ते यासाठीच. कोण किती गोंडस दिसतंय यावर आपण भाळतो आणि विकणारेही तेच हेरतात.

पट्ट्याची गोष्ट

अनेक भांडणं आपल्या हातातून सुरू होतात. समोर कुत्रा दिसला की आपण घाबरून पट्टा आवळतो. तुमच्या कुत्र्याचे पुढचे पाय उचलले जातात, छाती पुढे येते, मान ताठ होते. लांबून बघणाऱ्या कुत्र्याला हा पवित्रा हल्ल्याचाच वाटतो. शिवाय ताणलेल्या पट्ट्यात त्याला वळसा घेता येत नाही, मागे सरता येत नाही. म्हणजे सभ्यपणे वागायची सोयच आपण काढून घेतो. वर आपला श्वास रोखलेला, आवाज चढलेला. तोही त्याला कळतो.

शेपटी हलते म्हणजे मैत्री, हाही आपला एक भाबडा समज. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकून हलते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या बाजूला. २०१३ मध्ये त्यांनीच पुढे पाहिलं की डावीकडे हलणारी शेपटी बघून दुसरे कुत्रे अस्वस्थ होतात. आपण रस्त्यात उभं राहून हे मोजणार नाही, पण अंग ताठ, शेपटी उंच आणि बारीक थरथरणारी असेल तर ते आमंत्रण नव्हे, एवढं ओळखता येतं.

कधी कारण तुमच्या कुत्र्यात नसतंच. समोरचा म्हातारा असेल, कंबर दुखत असेल, कानात जखम असेल, नीट दिसत नसेल, तर अंगावर उडी घेणारा जवान त्याला नकोच असतो. कचऱ्याच्या ढिगाशी किंवा रोजच्या खाण्याच्या वेळी अन्नावरून ताण असतो. भाद्रपद तर सगळ्यांना माहीत आहे. त्या सुमारास माजावर आलेल्या कुत्रीभोवती नरांचे घोळके असतात आणि तुमचा वयात आलेला नर त्यांना सरळ स्पर्धक वाटतो. दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, पिल्लं होतात. मग एरवी गरीब असलेली गल्लीतली कुत्री पिल्लांजवळ कुणालाच फिरकू देत नाही. तेवढे दिवस रस्ता बदला. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

नसबंदी आणि लसीकरण झालेली भटकी कुत्री नियमाप्रमाणे पुन्हा त्याच जागी सोडली जातात. त्यांच्या कानाला खाच असते. त्यामुळे माजाच्या दिवसांतल्या मारामाऱ्या कमी होतात. हद्द मात्र तशीच राहते.

दटावणी की हल्ला?

गुरगुर, हवेत केलेला चावा, क्षणभराची झटापट, खूप आवाज, जखम काही नाही, आणि मग दोघे वेगळे: ही बहुतेक वेळा दटावणी. ऐकायला भयंकर, पण तुमच्या कुत्र्याला यातून धडा मिळतो. त्यानंतर तो मागे सरला, मान वळवली, तर त्याला तो कळला. या गुरगुरीवर समोरच्या कुत्र्याला मारू नका, तुमचा कुत्रा गुरगुरला तर त्यालाही ओरडू नका. गुरगुर बंद केलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. याउलट आवाज न करता, ताठ होऊन, टक लावून येणारा, पकडून झटकणारा, पळणाऱ्याचा पाठलाग न सोडणारा कुत्रा धोक्याचा. अनेकांनी मिळून एकाला घेरलं तर तेही शिकवणं नव्हे. तिथून बाहेर पडायचं.

मग करायचं काय? पट्टा ढिला आणि लांब ठेवा. समोर कुत्रा दिसताच अर्धवर्तुळात वळा. भेट घडवायचीच असेल तर दोन-तीन सेकंद हुंगू द्या, आनंदी आवाजात परत बोलवा, खाऊ द्या. आला नाही तर पुढची भेट नाही. त्याला दहा कुत्र्यांच्या घोळक्यात सोडण्यापेक्षा एक शांत, वयस्क, ओळखीचा कुत्रा शोधा आणि दोघांना आधी लांबून समांतर चालवा. असा एक गुरू दहा खेळगड्यांना भारी. रस्त्यावरच्या कुत्र्यांना दगड मारू नका. तुमचा कुत्रा दिसला की दगड येतात हा हिशेब ती पटकन मांडतात आणि राग त्याच्यावर काढतात. पळूही नका. बाजूला तोंड करून, आवाज खाली ठेवून, हळूहळू हद्द पार करा. लहान मुलाच्या हातात मोठ्या कुत्र्याचा पट्टा देऊन त्या रस्त्याने पाठवू नका, मूल कितीही हट्ट करो.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावरच्या कुत्र्यांत सोडायचं नाही. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांनी, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. भांडण सोडवताना हात मध्ये घालू नका. पाणी फेका, मोठा आवाज करा, मध्ये बादली किंवा फळी सारा. तरी तुम्हाला दात लागला, नुसता ओरखडा असला, तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. सरकारी रुग्णालयात लस मिळते.

एक-दोन हल्ल्यांनंतर तुमचा कुत्रा बाहेर पडायला तयार नसेल, किंवा आता स्वतःच लांबून भुंकत सुटत असेल, तर ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून थांबू नका. या वयातली भीती खोल बसते. पशुवैद्याला दाखवा, आधी अंगात कुठे दुखणं आहे का ते तपासून घ्या. आणि जाताना मोबाईलवर फेरफटक्याचे दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा, भांडणाच्या आधीचं अर्धं मिनिट दिसेल असे. डॉक्टरांना तेच बघायचं असतं.