सेकंडहँड इनटेक किट स्वस्तात मिळालं, पण छोटे पार्ट गायब आहेत? जुगाड करण्याआधी हे वाचा

गाडीला जरा दम यावा, आवाज भारी यावा म्हणून बरेच जण कंपनीचा एअर फिल्टर बॉक्स काढून बाहेरचं इनटेक किट बसवतात. नवीन किट महाग पडतं, मग ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस नाहीतर ओळखीतल्या कुणाचं तरी काढलेलं किट घेतलं जातं. फोटोत चकचकीत पाइप आणि लाल फिल्टर दिसतो, सौदा होतो. घरी आल्यावर कळतं की दोन होज क्लिप नाहीत, सेन्सरचं रबर नाही आणि ब्रॅकेटचे बोल्टही नाहीत.

पण एवढ्याशा रबरानं काय फरक पडतो?

पेट्रोल इंजिनात वजनानं साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल असं प्रमाण लागतं. ते सांभाळायचं काम ईसीयूचं. त्यासाठी अनेक गाड्यांत मास एअरफ्लो, म्हणजे एमएएफ सेन्सर असतो. फिल्टरमधून आलेली हवा तो मोजतो. या सेन्सरच्या पुढं, इंजिनच्या बाजूला फट राहिली, तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. ईसीयू कमी हवेच्या हिशोबानं पेट्रोल सोडतो आणि मिश्रण 'लीन' होतं. आयडलिंगला गाडी थरथरते, पिकअप अडखळतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला की बऱ्याचदा 'पी ०१७१' हा कोड दिसतो.

काही गाड्यांत एमएएफऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथं थ्रॉटल बॉडीच्या आधी फट राहिली तर मिश्रण फारसं बिघडत नाही, म्हणून चटकन कळतही नाही. पण फिल्टर चुकवून धूळ आत जात राहते. ती सिलिंडर आणि पिस्टन रिंग घासते. टर्बो गाडीत त्याआधी कंप्रेसरची पाती झिजतात. म्हणजे एका क्लिपच्या आळसापायी इंजिनकाम निघू शकतं.

काय काय गायब आहे, ते कसं कळणार?

पाइपवर किंवा फिल्टरच्या रबरी तळाशी पार्ट नंबर असतो का बघा. के अँड एनसारख्या कंपन्यांच्या फिटिंगच्या पत्रकात प्रत्येक क्लिप, बोल्ट आणि होजची नगांसकट यादी असते. हे पत्रक नेटवर मिळतं. ते समोर ठेवून हातातल्या वस्तूंवर खुणा करा. जे उरेल तेच विकत आणायचं.

कोणता पार्ट कसा घ्यायचा?

होज क्लिप : पाइपवर कपलर चढवून बाहेरचा व्यास मोजा आणि तो ज्या रेंजच्या मध्यावर येतो ती क्लिप घ्या. स्टेनलेस स्टीलची घेतली तर गंजत नाही. प्लॅस्टिक पाइपवर ती अति आवळली तर पाइपला तडा जातो.

सिलिकॉन कपलर : पाइपच्या दोन्ही टोकांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजा. दोन्ही मापं वेगळी असतील तर रिड्युसर मागा.

ब्रीदर होज : क्रँककेसमधून येणाऱ्या या हवेत तेलाची वाफ असते. साधं सिलिकॉन तेलानं फुगतं आणि मऊ पडतं. त्यामुळं तेलाला टिकणारी रबरी होजच घ्या.

सेन्सरचं ग्रोमेट आणि ओ-रिंग : हवेच्या तापमानाचा सेन्सर ज्या भोकात बसतो त्याचं माप आणि पाइपची जाडी, दोन्ही लिहून न्या.

बोल्ट : ब्रॅकेटला बऱ्याचदा एम-६ चा, म्हणजे १० नंबर पान्याचा बोल्ट लागतो. नमुना सोबत नेला तर चुकत नाही.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा स्पेअर पार्टच्या बाजारात यातलं बरंचसं मिळून जातं.

कुठं जुगाड चालत नाही?

एमएएफ सेन्सर बसायचा तुकडा गायब असेल तर दुसरा कुठलाही पाइप लावू नका. सेन्सरचं गणित आतल्या व्यासावर बेतलेलं असतं. ७० ऐवजी ७६ मिलिमीटरचा पाइप लावला तरी क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी वाढतं आणि मोजमाप चुकतं. फटी बुजवायला साधा सिलिकॉन सीलंटही नको, त्याच्या वाफेनं ऑक्सिजन सेन्सर खराब होऊ शकतो.

सगळं बसल्यावर स्कॅनरमध्ये 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा. आयडलिंगला तो अधिक १० टक्क्यांच्या वर राहत असेल तर गळती असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी स्मोक टेस्ट करून घ्या.

आणि कायदा?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. म्हणून कंपनीचा मूळ फिल्टर बॉक्स भंगारात देऊ नका.

थोडक्यात काय, तर पैसे देण्याआधीच विकणाऱ्याकडून सगळ्या सुट्या पार्टचा एकत्र फोटो मागवा आणि यादीशी ताडून बघा. जे नसेल त्याची किंमत सौद्यातून कापून घ्या. एमएएफचा तुकडाच नसेल, तर ते किट कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.