जुन्या छायाचित्राची तारीख दगड सांगतात
डब्लिनच्या ख्राइस्ट चर्च कॅथेड्रलचे उदाहरण

जुन्या छायाचित्रामागे नाव नसते, तारीख नसते. असलीच तर ती नंतर कोणीतरी पेन्सिलीने अंदाजाने लिहिलेली असते. अशा चित्रातील वास्तू कोणती आणि ते केव्हा टिपले गेले, हे ठरविण्याची एक निश्चित पद्धत आहे. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील ख्राइस्ट चर्च कॅथेड्रल हे या पद्धतीचे उत्तम उदाहरण ठरते.

पहिला प्रश्न ओळखीचा. डब्लिनच्या जुन्या भागात थोड्याच अंतरावर दोन मध्ययुगीन कॅथेड्रल उभी आहेत आणि त्यांच्या छायाचित्रांत गल्लत होते. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर १७४९ साली उभारलेला निमुळता कळस आहे. ख्राइस्ट चर्चचा मनोरा चौकोनी असून त्यावर असा उंच कळस नाही. शिवाय तो इमारतीच्या मध्यभागी आहे. मनोऱ्याचे स्थान आणि त्याचे शिखर पाहिले की बहुतेक शंका मिटते.

मात्र काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली तर डावे उजवीकडे जाते. अशा वेळी दुकानांच्या पाट्या आणि सावल्या उपयोगी पडतात. ही वास्तू पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. उत्तर गोलार्धातील या शहरात दुपारचे ऊन दक्षिणेकडून येत असल्याने मुख्य दालनाची उत्तरेची भिंत त्या वेळी सावलीत असते.

दुसरा प्रश्न काळाचा. येथे वास्तूच साक्ष देते. सुमारे १०३० साली स्थापन झालेल्या या चर्चची बाराव्या शतकाच्या अखेरीपासून दगडात पुनर्बांधणी झाली. १५६२ साली मुख्य दालनाचे छत कोसळले आणि दक्षिणेची भिंत पडली. तिच्या जागी साधी भिंत उभारण्यात आली, ती तीन शतके टिकली. उत्तरेची मूळ भिंत आजही स्पष्टपणे बाहेर झुकलेली दिसते.

१८७१ ते १८७८ या काळात वास्तुरचनाकार जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांनी कॅथेड्रलचा व्यापक जीर्णोद्धार केला. त्याचा खर्च व्हिस्कीचे कारखानदार हेन्री रो यांनी उचलला. दक्षिणेची साधी भिंत पाडून ती उत्तरेच्या भिंतीच्या धर्तीवर नव्याने बांधण्यात आली. बाहेरून आधार देणाऱ्या कमानी जोडल्या गेल्या. पूर्वेकडील चौदाव्या शतकातील लांब गायनकक्ष पाडून तळघराच्या जुन्या आराखड्यानुसार आखूड कक्ष बांधला गेला. आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचा शासकीय दर्जा १८७१च्या प्रारंभी संपुष्टात आला होता. स्वतःचा कारभार पाहण्यासाठी त्याला सभागृहाची गरज होती. ते रस्त्यापलीकडे बांधून कॅथेड्रलला छतबंद पुलाने जोडण्यात आले.

यातून सोपी कसोटी हाती येते. चित्रात आधारकमानी आणि पूल नसतील आणि पूर्वेकडचा भाग लांबच लांब असेल, तर ते जीर्णोद्धारापूर्वीचे. परांची आणि अर्धवट भिंती दिसत असतील, तर बहुधा १८७१ ते १८७८ दरम्यानचे. कमानींसह पूल पूर्ण दिसत असेल, तर त्यानंतरचे.

पुढील काळ अधिक अचूक ठरविण्यासाठी रस्त्याकडे पाहावे लागते. डब्लिनमध्ये घोड्यांच्या ट्राम १८७२ साली सुरू झाल्या, तर विजेच्या ट्राम १८९६पासून. त्यामुळे ट्रामच्या विजेच्या तारा असलेले चित्र त्याआधीचे असू शकत नाही.

छायाचित्रणाचे तंत्रही बोलते. १८५१ साली प्रचारात आलेल्या ओल्या कोलोडियन काचेवर प्रतिमा उमटायला बहुधा काही सेकंद लागत. चालणारी माणसे पुसट होत किंवा नाहीशीच होत. म्हणून रस्ता रिकामा दिसला तरी तो खरोखर निर्मनुष्य होता, असे नव्हे. १८८०च्या सुमारास तयार कोरड्या काचा रूढ झाल्यावर चालती माणसे स्पष्ट उमटू लागली. पोस्टकार्ड असेल, तर मागील बाजू पाहावी: एकाच बाजूला मजकूर आणि पत्ता लिहिण्याची मुभा तेथे १९०२पासून मिळाली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. निगेटिव्हची तारीख वेगळी आणि छापील प्रतीची वेगळी. एकाच काचेवरून वर्षानुवर्षे प्रती निघत असत. पोस्टाचा शिक्का केवळ एवढेच सांगतो की, चित्र त्या दिवसानंतरचे नाही. डब्लिनचे व्यावसायिक विल्यम लॉरेन्स यांच्या संग्रहातील सुमारे ४० हजार काचेच्या निगेटिव्ह आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांतील बहुतेक दृश्ये रॉबर्ट फ्रेंच यांनी टिपली. १९१६च्या उठावात लॉरेन्स यांची दुकानाची इमारत जळाली. अन्यत्र ठेवलेल्या दृश्यांच्या काचा मात्र वाचल्या.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. आज ख्राइस्ट चर्चमध्ये मध्ययुगीन आणि एकोणिसाव्या शतकातील दगड शेजारी शेजारी नांदतात, आणि नवे काम जुन्याच धाटणीचे असल्याने नजर सहज फसते. पाडलेला गायनकक्ष तर परत येणार नाही. जीर्णोद्धारापूर्वीचे छायाचित्र हा त्या हरवलेल्या वास्तूचा साक्षीदार असतो. त्यावर चुकून १८८० लिहिले गेले, तर तो पुरावा निरुपयोगी ठरतो, किंबहुना दिशाभूल करतो.

म्हणूनच जाणकार एकच वर्ष ठामपणे सांगण्याऐवजी दोन मर्यादा देतात: यापूर्वीचे नाही आणि यानंतरचे नाही. प्रत्येक नवा पुरावा ही मर्यादा थोडी आवळतो. पाहणाऱ्याने मात्र आधी चित्र पाहावे आणि मागची पेन्सिलीची नोंद शेवटी वाचावी.