सांगणारीचे नाव

चैत्र पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचे बगाड निघते. एका बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला नेहमीची वाहतूक, आणि मधून ते अवजड लाकडी बगाड वाट काढत जाते. वर गळकरी, खाली चांगभल्याचा गजर. लॅपटॉपची पाठपिशवी लावलेली मुले मोबाइल उंच धरून चित्रण करतात आणि गर्दी ओसरली की कामाला लागतात. या म्हातोबाबद्दल दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लिहिले, तेव्हा इथे शेते होती. त्यांचा 'मिथ अँड रिअॅलिटी' हा संग्रह १९६२ सालचा. आज त्यातले निष्कर्ष पुष्कळ जण सांगतात. त्यांनी ते कोणत्या रीतीने काढले, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. खरे शिकण्यासारखे तेच आहे.

कोसंबी गणिती. जन्म १९०७ साली गोव्यातला, वडील धर्मानंद पालीचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवले, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, आणि पुण्याचे घर न सोडता डेक्कन क्वीनने रोज ये-जा करत राहिले. इतिहासाकडे ते आले नाण्यांच्या वाटेने. चांदीची जुनी आहत नाणी, म्हणजे ज्यांच्यावर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसते ठसे आहेत अशी, कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवायचे कसे? नाणकशास्त्री ठशांचे अर्थ लावत बसले होते. कोसंबींनी तराजू काढला.

विचार साधा होता. नाणे हातोहात फिरते, घासते, हलके होते. एकट्या नाण्याच्या वजनावरून काही कळत नाही, कारण टांकसाळीतून निघतानाच त्यात थोडा कमीजास्तपणा असतो. पण एकाच जातीची पुष्कळ नाणी घेतली, तर जितका काळ ती चलनात राहिली तितकी त्यांची सरासरी उतरते आणि वजनांतली तफावत वाढते. हे खरे आहे का, हे तपासायला त्यांनी आपल्या काळातली, साल छापलेली चालू नाणी तोलली. मग तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली सापडलेला साठा घेतला. त्यात अलेक्झांडरचीही नाणी होती, त्यामुळे काळाचा एक खुंटा पक्का होता. तिथे त्यांना दिसले की नाण्याच्या पाठीवर बारीक ठसे जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी. पाठीवरचे ठसे हे वेळोवेळी नाणे पारखून मारलेल्या खुणा असाव्यात, हा तर्क या आकड्यांवर उभा राहिला. एकही पोथी न उघडता नाण्यांची क्रमवारी लागली. एवढे होऊनही पोथ्यांना त्यांनी कमी लेखले नाही. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा माणूस तो. हस्तलिखिते ताडून पाहण्याची शिस्त आणि तराजूची शिस्त त्यांच्या लेखी एकच होती.

तीच शिस्त घेऊन ते पायी हिंडले. टोकाला छिन्नी बसवलेली काठी हातात आणि डोळे जमिनीकडे. पुण्यात घराजवळच्या टेकडीवर त्यांना सूक्ष्मास्त्रे मिळाली, म्हणजे नखाएवढे धारदार दगडी तुकडे. पुढे त्यांच्या लक्षात आले की असे तुकडे ठरावीक पट्ट्यांत सापडतात, आणि त्याच पट्ट्यांत शेंदूर फासलेले तांदळे, म्हणजे देव म्हणून पुजलेले अनघड दगड, असतात: कुठे म्हसोबा, कुठे बोल्हाई, कुठे नुसतीच आई. धनगरांचे मेंढ्या नेण्याचे मार्ग, जुने व्यापारी रस्ते, घाटांची तोंडे आणि देवीची ठाणी एकावर एक पडतात, असे त्यांचे म्हणणे.

कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांत गेलात तर हे डोळ्यांनी बघता येते. चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे. आत भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावे कोरलेली: धेनुकाकटाचे यवन, तिथलाच सुगंधी द्रव्यांचा एक व्यापारी, दाराचे काम करणारा सामी नावाचा सुतार, वैजयंतीहून आलेला शेठ भूतपाल. बाहेर चैत्रात मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांतून पालख्या घेऊन आलेली माणसे. मधल्या दोन हजार वर्षांत भिक्षू गेले, बोरघाटाशेजारचा हा डोंगर गजबजलेलाच राहिला. नुसते कोरीव लेख वाचणारा अभ्यासक देवळाकडे पाठ करतो आणि भक्त लेखांकडे. दोघांकडे एकदम बघणारे थोडेच.

मात्र कोसंबींच्या पद्धतीतला एक सांधा मला कच्चा वाटतो. सूक्ष्मास्त्रे बहुधा जमिनीच्या वरच्या वर सापडतात. थर नसला की वय नाही. तांदळ्याच्या शेजारी दगडी पाते मिळाले, यावरून ते पाते वापरणाऱ्यांनीच हा देव मांडला असे ठरत नाही. पाणी, गवत आणि उतार सोयीचे म्हणून दोन वेगवेगळ्या काळांतली माणसे त्याच जागी थांबली असतील. जागा एक असल्याचे कोसंबींनी दाखवले. परंपरा अखंड असल्याचे त्यांनी सुचवले, आणि पुढच्यांनी ते सिद्ध झाल्यासारखे वापरले. यात दोष मी पुढच्यांना जास्त देईन.

गुंथर सोंथायमर यांनी याच प्रांतात वेगळ्या चालीने काम केले. हायडेलबर्गचे हे प्राध्यापक मराठीत बोलत, धनगरांबरोबर राहत आणि टेपरेकॉर्डरवर त्यांच्या ओव्या उतरवून घेत. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा. पुण्यात रा. चिं. ढेरे संस्कृत माहात्म्ये आणि लोकगीते समोरासमोर ठेवून वाचत होते; 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा त्यांचा १९८४ चा ग्रंथ त्यातून आला. पंढरीचा देव आणि धनगरांचा पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव एका वाक्यात आले, याचे आज कुणाला नवल वाटत नाही. त्या काळी ते धाडस होते.

या सगळ्यांच्या लेखनात देव भेटतात, जाती भेटतात, वाटा भेटतात. सांगणारी बाई मात्र बहुतेक वेळा 'एका वृद्धेने सांगितले' एवढ्यावर राहते. ही उणीव भरून काढली ती जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाने. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांत गरिबांच्या संघटनेचे काम करता करता, १९८० च्या दशकात, ओव्या टिपायला सुरुवात केली. बायकांच्या बैठकीत एकीला ओवी आठवली की दुसरीला तिची आठवायची. काम मराठवाड्यापर्यंत पसरले, नव्वदच्या दशकात संगीततज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्यामुळे ध्वनिमुद्रणे झाली, आणि एक लाखाहून जास्त ओव्या हजारावर गावांतून जमल्या. आज या संग्रहातल्या ओव्या 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता-ऐकता येतात.

आकडा मोठा आहे, पण त्याहून मोलाची आहे ती नोंद. ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. त्यामुळे जे प्रश्न कोसंबींना तर्काने सोडवावे लागले, ते इथे मोजून विचारता येतात. सीतेच्या वनवासाची ओवी कोणकोणत्या तालुक्यांत गातात? बाबासाहेबांवरच्या ओव्या कोणत्या वस्त्यांतून आल्या? भावाच्या ओव्यांत तक्रार किती आणि कौतुक किती? एकच ओवी दोन गावांत थोडी फिरवून गायली जाते, तेव्हा फिरवलेली जागा नेमकी कोणती? नाव पुसले असते तर उरला असता तो 'लोकगीतांचा' एक ढीग, लोकांचा पत्ता नसलेला.

अशी नोंद करणे दिसते तितके सोपे नाही. पहिली अडचण प्रश्नाची. 'हा देव किती जुना?' असे विचारले की उत्तर ठरलेले: पांडवकालीन. त्यापेक्षा मागच्या जत्रेला पहिला नैवेद्य कोणाच्या घरून आला, बोकड कुठे कापला, कोणाला वाटा मिळाला नाही, असे विचारावे. मग माणसे भराभर बोलतात, एकमेकांना खोडून काढतात, आणि त्या खोडून काढण्यातच गावाची रचना दिसते. दुसरी अडचण हल्लीची. देवळाबाहेर मिळणारी माहात्म्याची पुस्तिका आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ आता सांगणाऱ्याने आधीच पाहिलेले असतात. आपण मौखिक परंपरा म्हणून उतरवून घेतो ते पुष्कळदा छापील मजकुराचेच पाठांतर असते. म्हणून 'हे तुम्ही कोणाकडून ऐकलेत?' हा प्रश्न प्रत्येक उत्तरामागे लावावा.

तिसरी अडचण आपल्याच उत्साहाची. वारसा म्हटला की आपण आधी तो साफ करायला, सजवायला धावतो. वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा जाड लेप २०२२ साली काढला आणि मूळ मूर्ती दिसली, याचा सगळ्यांना आनंद झाला. पण असा लेप म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेचा हिशेब असतो. कुठेही तो उतरवण्याआधी थर कसे बसलेत याची छायाचित्रे घ्यावीत, नमुने जपून ठेवावेत, पूजेकऱ्यांच्या आठवणी टिपाव्यात. मूळ रूप आणि वरचा लेप, अभ्यासकाला दोन्ही हवेत. वीरगळांना ऑइलपेंट फासणाऱ्या आणि ओवीतले 'अशुद्ध' शब्द दुरुस्त करणाऱ्या मंडळींना हेच सांगायचे आहे.

अशी नोंद करायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. दिवाळीला गावी गेलात आणि घरात आजी, मावशी, आत्या जात्यावरचे काही म्हणू लागली, तर फोनवर ध्वनिमुद्रण करा; आधी तिला विचारून. सुरुवातीला तिचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या. मधे बोलू नका, आठवून देऊ नका, चुकली असे वाटले तरी सुधारू नका. हे कोणाकडून शिकलीस, ते शेवटी विचारा. एक प्रत घरात ठेवा, एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात द्या, आणि फाइलला नाव देताना 'जुनी गाणी' असे लिहू नका. तिचे नाव लिहा.