मार्शल आक्रमण
मार्शल आक्रमण : बुद्धिबळातील रुइ लोपेझ ह्या सुरुवातीचा, काळ्या बाजूने प्याद्याचा बळी देऊन खेळावयाचा एक उपप्रकार. अमेरिकन बुद्धिबळपटू फ्रँक मार्शल (१८७७–१९४४) ह्याच्या नावाने तो ओळखला जातो. न्यूयॉर्क येथील १९१८ च्या स्पर्धेत त्याने क्यूबाच्या होसे राउल कापाब्लांकाविरुद्ध (१८८८–१९४२) तो योजिला. मार्शलने ही युक्ती अनेक वर्षे कापाब्लांकासाठीच राखून ठेवली होती, अशी आख्यायिका आहे. तिला निश्चित पुरावा नाही.

आठव्या खेळीत काळा आपले वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे सारतो. त्यानंतरच्या मारामारीत पांढऱ्याला एक प्यादे अधिक मिळते. परंतु त्याचे वजिराच्या बाजूचे हत्ती, घोडा व उंट मूळ घरांतच अडकून राहतात. काळ्याचे उंट व वजीर मात्र पांढऱ्याच्या किल्लेकोटावर त्वरित रोखता येतात.

मूळ डावात मार्शलने अकराव्या खेळीत पटाच्या मध्यावरील घोडा मागे घेतला व पंधराव्या खेळीत त्याच घोड्याने पांढऱ्या राजाजवळील प्यादे मारले. हा घोडा वजिराने मारणे घातक ठरले असते. कापाब्लांकाने तो मोह टाळून हत्ती दुसऱ्या ओळीत आणला, पुढे राजा वजिराच्या बाजूस सुरक्षित नेला आणि ३६ खेळ्यांत डाव जिंकला.

हा डाव पटावर पुन्हा मांडून अभ्यासताना निकाल व सुरुवात ह्यांची परीक्षा वेगवेगळी करावी लागते. पुढील खेळी झाकून, प्रत्येक स्थितीत स्वतः पर्याय शोधला, तर उणीव प्याद्याच्या बळीत नसून अकराव्या खेळीत होती, हे ध्यानात येते. वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे एक घर सारल्यास मधल्या घोड्याला आधार मिळतो व तो तेथेच टिकतो. हीच खेळी पुढे रूढ झाली. बोरिस स्पास्कीने १९६५ मध्ये मिखाईल तालविरुद्धच्या सामन्यात ह्या आक्रमणाच्या आधारे डाव बरोबरीत सोडविले. ब्रिसागो (स्वित्झर्लंड) येथील २००४ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात पीटर लेकोने आठव्या डावात व्लादिमीर क्रामनिकला ह्याच आक्रमणाने हरविले. पांढऱ्या बाजूचे अनेक खेळाडू आठव्या खेळीतच वेगळा मार्ग घेऊन ते टाळतात. पराभूत डावातून निघालेली सुरुवात प्रतिष्ठित कशी होते, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.