साकोलीकडून पाहिलेला ‘स्वामी’

बँकेत नवा होतो तेव्हा मुंबईत एका कुटुंबात जागा घेऊन राहत होतो. टीव्ही घरमालकांच्या खोलीत. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागली की निम्मी चाळ तिथे जमायची. रणजित देसाईंची १९६२ची कादंबरी बहुतेकांनी वाचलेली, तरी रवींद्र मंकणींचे माधवराव खोकू लागले की बायकांचा पदर डोळ्यांना जाई. मृणाल देव यांची रमा सती गेली, त्या रात्री घरमालकीणबाई जेवल्याच नाहीत.

मध्ये एकदा साकोलीहून बाबा आले होते. जानोजी भोसल्यांचे नाव निघाले तसे ते पुढे सरकून बसले. भाग संपल्यावर त्यांनी विचारले, “नागपूर लुटला तं लोक कुठं पराले, ते नाई दाखवत का रे?”

खोलीत हशा पिकला. मीही हसलो. बाबांनी पुन्हा विचारले नाही.

आमची साकोली भोसल्यांच्या राज्यातली. जानोजी काही साधुपुरुष नव्हता. १७६३ साली निजामाबरोबर जाऊन त्याने पुणे लुटले, आणि राक्षसभुवनच्या लढाईआधी मुलुखाच्या आमिषाने बाजूही बदलली. माधवरावांनी ते विसरायचे तरी कसे? १७६९मध्ये पेशव्यांच्या फौजेने नागपूर लुटले आणि कनकापूरच्या तहाने जानोजीला नमवले. पुढे १७७२ साली दोघेही वारले. थेऊरसाठी आपण अजून हळहळतो. दुसरे मरण कुठे झाले, हे आमच्या भागातही कुणाला सांगता येत नाही.

देसाईंना दोष देत नाही. त्यांनी शनिवारवाड्याच्या आतून लिहिले, आणि मन लावून लिहिले. पण पुढे जेम्स प्लंकेट यांच्या १९६९च्या कादंबरीवरची ‘स्ट्रम्पेट सिटी’ ही आयरिश मालिका पाहिली, तेव्हा बाबा आठवले. मालिका १९८०ची, गोष्ट डब्लिनमधल्या १९१३च्या टाळेबंदीची. तिच्यात लार्किन हा खराखुरा कामगारपुढारी आहे, पीटर ओटूलसारखा नट आहे. तरी मनात घर करतो तो तळघरात कुत्र्यासोबत राहणारा रॅशर्स टिअर्नी. भिकारी! त्याचे नाव कुठल्या बखरीत असणार?

निवृत्तीनंतर नागपूरच्या त्या लुटीवर कादंबरी लिहायला घेतली आहे. बाबा आता नाहीत. चाळीस पाने झाली. त्यांत जानोजी आहे, दरबार आहे, खलिते आहेत, पेशव्यांचा वकीलसुद्धा आहे. पळालेली माणसे अजून एकाही पानावर आलेली नाहीत.