मॉन्सून आला, म्हणजे नेमकं काय आलं?

मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं, सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडाडतात, तासभर झोडपून पाऊस निघून जातो. लगेच 'मॉन्सून आला' म्हणून बोलबाला होतो. बहुतेक वेळा तो वळीव असतो.

मॉन्सून हे मुळात पावसाचं नाव नाही, वाऱ्याचं आहे. अरबीत 'मौसिम' म्हणजे हंगाम. अरबी समुद्रातली शिडाची जहाजं ठरावीक हंगामात वाहणाऱ्या वाऱ्यांच्या भरवशावर ये-जा करत. गोव्याला येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांचंही वेळापत्रक हेच वारे ठरवत. पोर्तुगिजांकडून हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेला. ऋतूनुसार दिशा पालटणारे वारे हा शास्त्रीय अर्थ आजही कायम आहे; पावसाळा आणि मुसळधार पाऊस हे अर्थ नंतर चिकटले. नैर्ऋत्येचा तेवढाच मॉन्सून, हेही खरं नाही. चेन्नईला सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मॉन्सून देतो.

म्हणूनच हवामान विभाग केवळ पाऊस पाहून केरळातलं आगमन जाहीर करत नाही. 10 मेनंतर ठरलेल्या 14 केंद्रांपैकी 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस लागतो. शिवाय पश्चिमी वाऱ्यांचा वेग आणि जाडी, ढगांचं आच्छादन हेही जुळावं लागतं.

'यंदा सरासरीइतका पाऊस' या बातमीचाही चुकीचा अर्थ लावला जातो. तो आकडा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा आणि अख्ख्या देशाचा असतो. सरासरी सुमारे 87 सेंटिमीटर. तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस झाला की हंगाम सरासरीइतका ठरतो. तुमच्या तालुक्यात कधी आणि किती पडेल, हे त्यात नसतं. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो आणि माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. देशाची सरासरी गाठली म्हणून माणची विहीर भरत नाही.

सर्वांत महागात पडतो तो 'मॉन्सून आला, आता पेरा' हा समज. 2025 मध्ये केरळात 1 जूनऐवजी 24 मेलाच मॉन्सून पोचला, 26 मेला मुंबईत. त्यानंतर मात्र त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली. अशा उघडिपीत कोवळे कोंब करपतात आणि दुबार पेरणीचा बियाण्याचा खर्च पुन्हा शेतकऱ्याच्याच माथी येतो. आगमनाची घोषणा वाऱ्याची स्थिती सांगते, जमिनीतली ओल सांगत नाही. म्हणून तारखेवर जाऊ नका. आपल्या शिवारात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय कोरडवाहू रानात चाड्यावर मूठ धरू नका.