लाइपझिग: भाजीच्या वाफ्यांनी राखलेली हिरवाई

लाइपझिगच्या मोठ्या फुटबॉल स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आखेनर रस्त्यावर, १८९६ साली बांधलेलं एक सभागृह आहे. त्याला लागून मुलांचं खेळायचं मैदान, आणि मैदानाच्या आजूबाजूला कमरेएवढ्या कुंपणांआड एकमेकींना खेटून असलेल्या छोट्या छोट्या बागा. प्रत्येक बागेत एक लाकडी खोपटं, एखादं सफरचंदाचं झाड, करंट आणि गूसबेरीची झुडपं, घेवडा, नवलकोल, बटाटे आणि कडेला डेलिया. मधल्या पायवाटांवरून दुपारी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन फिरत असतात. त्यातल्या बऱ्याच जणांची इथे स्वतःची बाग नसते. वाट सर्वांना खुली आहे म्हणून ते येतात.

ही 'डॉ. श्रेबर' वसाहत. १८७६ पासून ती याच जागी आहे. जर्मनीत नऊ लाखांच्या आसपास अशा भाड्याच्या बागा आहेत आणि लोक त्यांना सर्रास 'श्रेबरगार्टन' म्हणतात, ते इथल्याच संस्थेच्या नावावरून. सभागृहात आता या बागांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे आणि सारी वसाहत वारसा म्हणून जपली गेली आहे. पण लाइपझिगचं खरं वैभव एका वसाहतीत मावणारं नाही. या एका शहरात सुमारे ३९ हजार बागा आहेत. २७० हून अधिक संस्था त्यांचा कारभार पाहतात. एकूण जमीन बाराशे हेक्टरच्या वर, म्हणजे सुमारे ३,००० एकर. शहराची लोकसंख्या सहा लाखांहून थोडी जास्त, हे लक्षात घेतलं की हा आकडा केवढा मोठा आहे ते कळतं.

या जमिनीवर खुरपं चालवणारे, पाणी घालणारे, झाडं छाटणारे हात भाडेकरूंचे आहेत. शहर त्यांना त्याचा पगार देत नाही, उलट त्यांच्याकडून भाडं घेतं. मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते.

या व्यवस्थेची सुरुवात मात्र भाजीसाठी झालेली नव्हती. डॉ. मोरित्झ श्रेबर हे लाइपझिगमधले अस्थिव्यंगतज्ज्ञ. कारखान्यांनी वेढत चाललेल्या शहरातल्या मुलांना मोकळ्या हवेत खेळायला, व्यायाम करायला जागा हवी, असा त्यांचा आग्रह होता. १८६१ साली ते वारले. तीन वर्षांनी, १८६४ मध्ये, एर्न्स्ट इनोसेन्झ हाउशिल्ड या मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षकांना जमवून एक संस्था काढली आणि तिला श्रेबर यांचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी संस्थेचं खेळाचं मैदान खुलं झालं. मग कार्ल गेझेल नावाच्या निवृत्त शिक्षकांनी मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले, त्यांना लावणी-पेरणी शिकवायला घेतली. मुलांचा उत्साह फार दिवस टिकला नाही. वाफ्यांत तण माजलं आणि अखेर आईवडिलांनीच खुरपी हातात घेतली. वाफ्यांना कुंपणं आली, कुंपणांच्या आत खोपटी उभी राहिली, आणि थोड्याच वर्षांत त्या मैदानाभोवती शंभरेक बागा झाल्या. ज्यांच्या नावाने हे सारं ओळखलं जातं त्या डॉक्टरांनी यातला एकही वाफा पाहिलेला नव्हता. या बागांना गेझेल गुरुजींचं नाव जास्त शोभलं असतं, असं मला वाटतं.

गरिबांना भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा देण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. उत्तरेकडच्या काप्पेल्न गावात १८१४ मध्येच अशा बागा आखून भाड्याने दिल्या गेल्या होत्या. खुद्द लाइपझिगमध्ये योहानिसटाल इथल्या बागा १८३२ पासून आहेत. शतकाच्या अखेरीस बर्लिनसारख्या शहरांत कामगार अंधाऱ्या, दाटीवाटीच्या चाळींत राहायला आले आणि शहराच्या कडेच्या पडीक जमिनींवर अशाच बागांच्या वसाहती पसरल्या. तिथल्या बागवाल्यांना बर्लिनकर आजही लाडाने 'लाउबेनपीपर' म्हणतात. लाउबं म्हणजे बागेतलं खोपटं.

पहिल्या महायुद्धाने या हौसेला गरजेचं रूप दिलं. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचं पीक बुडालं आणि शहरांतले लोक गुरांच्या चाऱ्याचे कंद खाऊन जगले. ज्यांच्याकडे बागेचा तुकडा होता त्यांना निदान कोबी आणि गाजरं मिळाली. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये सरकारने कायदा केला: बागेचं भाडं मनमानी वाढवता येणार नाही आणि भाडेकरूला वाटेल तेव्हा हुसकावता येणार नाही. आजच्या व्यवस्थेचा पाया तिथे घातला गेला.

नाझी राजवटीत संघटना सरकारच्या मुठीत गेल्या आणि ज्यूंना त्यांच्यातून बाहेर काढलं गेलं. त्याच काळात बर्लिनच्या लिख्टेनबर्ग भागातल्या 'द्राइआइनिषकाइट' या बागांच्या वसाहतीत हान्स रोझेंथाल हा ज्यू तरुण १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत लपून राहिला. इडा याउख यांनी त्याला आपल्या खोपट्यात आसरा दिला. त्या वारल्यावर मारिया श्योनेबेक यांनी त्याला पाठीशी घातलं. पुढे हाच तरुण पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीचा अत्यंत लाडका सूत्रसंचालक झाला. बाँबहल्ल्यांत घर गमावलेली असंख्य कुटुंबं युद्धानंतर अशा खोपट्यांतच राहिली. पूर्व जर्मनीतल्या साम्यवादी सरकारला सुरुवातीला या बागांचा संशय होता. पण दुकानांत ताजी भाजी पुरेना, तेव्हा बागवाल्यांची जास्तीची फळं-भाजी सरकारी केंद्रं विकत घेऊ लागली.

१९८३ पासून लागू असलेला बागांचा केंद्रीय कायदा मुळातून समजून घेण्यासारखा आहे, कारण ही हिरवाई टिकली ती त्याच्या जोरावर. बाग ४०० चौरस मीटरहून मोठी नसावी. खोपटं साधं असावं, व्हरांड्यासकट २४ चौरस मीटरच्या आत, आणि ते कायमचं राहण्याजोगं नसावं. पिकवलेलं विकायचं नाही, ते घरी खायचं. भाडं त्या भागातल्या फळ-भाजीच्या शेतजमिनीच्या भाड्याच्या चौपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणून शहराच्या ऐन मध्यातल्या बागेचंही नुसतं जमिनीचं वार्षिक भाडं बहुतेकदा शंभर युरोंच्या आत राहतं. संस्थेची वर्गणी, पाणी, विमा धरून खर्च काही शे युरोंवर जातो. विकासकामासाठी बागा हटवायच्याच असतील, तर भरपाई द्यावी लागते आणि पर्यायी जमीन देण्याची जबाबदारीही साधारणपणे नगरपालिकेवर येते.

या स्वस्ताईच्या बदल्यात भाडेकरूनेही काही द्यायचं असतं. निदान एक तृतीयांश बागेत फळं-भाजी लावलीच पाहिजे, हा दंडक २००४ साली केंद्रीय न्यायालयाच्या निकालाने पक्का झाला. नुसती हिरवळ राखून त्यावर खुर्च्या टाकल्या तर संस्थेची नोटीस येते. अक्रोड किंवा देवदारासारखी मोठी झाडं लावता येत नाहीत, शेजाऱ्याच्या टोमॅटोवर सावली पडते. वर्षातले ठरावीक तास सामायिक कामाला द्यायचे: वाटा झाडणं, नळ दुरुस्त करणं, मैदान राखणं. बाग सोडताना झाडांची आणि खोपट्याची किंमत संस्थेचा जाणकार ठरवतो आणि नवा भाडेकरू तेवढेच पैसे जुन्याला देतो. त्यामुळे सट्टा चालत नाही. या नियमांची जर्मनीत पुष्कळ कुरकुर ऐकू येते, पण ते सैल केले तर दहा वर्षांत या जागी श्रीमंतांची सुटीतली घरं उभी राहतील, याबद्दल मला शंका नाही.

बागेचं वर्ष बटाट्यापासून सुरू होतं. टोमॅटो आणि काकडीची रोपं मात्र मेच्या मध्यापर्यंत घरात, खिडकीशी ठेवतात. ११ ते १५ मे हे 'बर्फाच्या संतांचे' दिवस. शेवटचा दिवस थंडगार सोफीचा. तिच्याआधी रोप बाहेर काढलं तर एका रात्रीच्या दहिवराने ते जळतं, हे इथल्या प्रत्येक आजीला पाठ असतं. जुलैत करंटचा मुरंबा, सप्टेंबरात सफरचंदं, आणि कडक थंडी पडण्याआधी पाण्याची जोडणी बंद, नाहीतर पाइप गोठून फुटतात.

उन्हाळ्यात डांबर आणि काँक्रीट रात्रीपर्यंत तापलेलं राहतं, तेव्हा या वसाहतींच्या आसपासची हवा लवकर निवते. उघड्या मातीत पाऊस मुरतो. एकाच वसाहतीत शेकडो जातींची झाडं असतात, म्हणून मधमाश्यांना वसंतापासून शरदापर्यंत फुलं मिळतात. साळूसारख्या काट्यांच्या हेजहॉगला कुंपणांखाली आणि पाचोळ्यात जागा मिळते. एकसुरी कापलेल्या हिरवळीच्या उद्यानात एवढी विविधता येणं अवघड.

आणि तरीही या जमिनीवर डोळा आहे. लाइपझिगची लोकसंख्या २००० साली पाच लाखांच्या आत होती, ती आता सहा लाखांपुढे गेली. बर्लिनमध्ये सुमारे ७० हजार बागांनी शहराचा तीन टक्के भाग व्यापलेला आहे. घरांची टंचाई असताना एका कुटुंबाला तीनशे चौरस मीटर जमीन कशाला, असा प्रश्न तिथे वारंवार विचारला जातो. प्रश्न खोटा नाही. जिथे वसाहतीचं फाटक दिवसाही कुलूपबंद असतं, तिथे टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. जिथे फाटक उघडं आहे, मैदानावर शेजारच्या इमारतींतली मुलं खेळतात आणि बाहेरदेशांतून आलेली कुटुंबं जुन्या बागवाल्यांच्या शेजारी घेवडा लावतात, तिथे ही जमीन एका कुटुंबाची उरलेली नाही. कोरोनाच्या काळात मोठ्या शहरांतल्या प्रतीक्षायाद्या लांबल्या, आता बागेसाठी कित्येक वर्षं थांबावं लागतं. मागणी एवढी असेल तर मोठ्या बागा दोन कुटुंबांत विभागाव्यात, हा उपाय इमारती बांधण्यापेक्षा कितीतरी बरा.

लाइपझिगला जाणार असाल तर मे ते सप्टेंबरच्या दरम्यान जा. संग्रहालयाच्या वेळा आधी पाहून ठेवा. दुपारी एक ते तीन बहुतेक वसाहतींत विश्रांतीची वेळ असते, तेव्हा मोठ्याने बोलू नका. कुंपणाबाहेर आलेला करंटचा घड तोडू नका, मालक दिसला तर विचारा, बहुतेक तो ओंजळभर देईल. वेळ उरला तर योहानिसटालही पाहून या. विद्यापीठाच्या रुग्णालयांच्या इमारतींजवळ या बागा अजून आहेत.